बारावी झेंडी

विक्कीचा जबडा मी फोडला. दुसऱ्या कोणी नाही. लोकायनं नंतर आपले हात साफ करून घेतले ते वेगळं, पण पहिला पाना माहा होता, दीड फुटाचा, अन् तो मी त्याच्या तोंडावर मारला. हे पहिलेच सांगून टाकते, म्हणजे मंग कोणी म्हणाले नको का भागीरथानं लपवलं.

माहं नाव भागीरथा, वय चौसष्ट. रेल्वेत खलाशी होती मी, डब्यायच्या खालचं काम. नोकरी नवऱ्याच्या जागेवर लागली. नवरा यार्डात डब्याखाली काम करून राहिला होता, कोणीतरी त्याची लाल झेंडी काढली, अन् इंजिन येऊन लागलं. इंजिनवाल्याचं नाव समजलं. तो म्हणे, झेंडी नव्हतीच, मी काय करू. झेंडी काढणाराचं नाव काही समजलं नाही. छत्तीस वर्षं झाली. त्याच यार्डात मी बत्तीस वर्षं नोकरी केली अन् जो माणूस समोर येईन त्याच्या हाताकडं पाहत राहिली, याच्याच हातानं काढली असन काय. चहा देणाराच्या हाताकडं बी पाहिलं मी. मले त्याले मारायचं बी नव्हतं नंतर नंतर. फक्त नाव पाहिजे होतं.

रिटायर झाल्यावर घरी बसून भिंती पाहाले मले जमत नाही. आमच्या इकडं छोट्या लायनीचं संग्रहालय आहे, जुन्या शेडमधलं. अकरा इंजिन-डबे नुसते उभे आहेत लोकायले पाहाले, अन् एक छोटं डिझेल इंजिन दोन डबे घेऊन आवारात गोल फिरते. तिथं आम्ही फुकट काम करतो. कोणी पितळ घासते, कोणी तेल टाकते, कोणी लोकायले माहिती सांगते. मुखिया म्हणजे देवरावकाका, रिटायर ड्रायव्हर, सत्तरीचे. मे महिन्यात शाळेले सुट्ट्या, म्हणून गर्दी तेव्हाच, अन् नागपूरचं ऊन बी तेव्हाच. शेडचे पत्रे असे तापतात का खाली उभं राहिलं तं डोक्शात भाजी शिजन. आम्ही खिशात कांदा ठेवतो, डोक्याले दुपट्टा बांधतो, चिंचेनं पितळ घासतो अन् एकमेकावर खेकसतो. मी सगळ्यात जास्त. माहं टकुरं तसंही तापलेलंच राहते.

आमचा एक नियम आहे, अन् तो मीच लावला. गाडीखाली जाणारानं आपली लाल झेंडी गाडीच्या कडीले लावाची. लावणारानंच काढाची. दुसऱ्यानं हात लावाचा नाही, मंत्री येऊन उभा राहिला तरी नाही. झेंड्या मी माह्या लाल साडीच्या शिवल्या होत्या. ज्याची त्याची वेगळी, कोपऱ्यात पिवळ्या धाग्यानं नावाचं पहिलं अक्षर. धम्मानंदचा ध, विक्कीचा वि. नवीन माणूस आला का मी त्याले पहिले झेंडी द्याची अन् मंग नवऱ्याची गोष्ट सांगाची. दोन चार जण तं ते ऐकूनच पळाले.

मंग देवरावकाकाच्या मनात आलं का उभ्या इंजिनायले बी झेंड्या लावाच्या. मी म्हटलं, "काका, झेंडीचा खेळ नोका करू." काका म्हणे, "अवं भागीरथा, लोकायले दिसाले पाहिजे ना आपली जुनी शिस्त. फोटो बी चांगला येते." मी बडबड केली, पण अकरा झेंड्या मीच शिवून देल्ल्या, बिगर अक्षराच्या. त्याच साडीच्या. म्हणजे चूक तिथूनच सुरू झाली, अन् सुई माह्या हातात होती. शिट्टीचंही तेच. जुन्या इंजिनाच्या शिट्टीले हवा जोडून देल्ली होती, पोट्टे दिवसभर दोरी ओढत. दिवसातून शंभर वेळा शिट्टी वाजली तं तिच्याकडं कोण लक्ष देते.

धम्मानंद आमच्याच गल्लीतला, हिंगण्याच्या कंपनीत फिटर, बत्तीस वर्षांचा. पहिल्या पाळीतून सुटला का मोटरसायकल सरळ संग्रहालयात. लग्न झालं नव्हतं. त्याची माय प्रेमिला मले म्हणे, "याचं लगन आता त्या डब्याशीच लावून टाका." मले तो पोट्टा लेकासारखा होता. मी सांगितलेला नियम त्याच्याइतका कोणी पाळला नाही.

अन् विक्की. सव्वीस वर्षांचा, डिझेल इंजिन तोच चालवे. डोळ्याले गॉगल, हातात मोबाईल, प्रत्येक फेरीचा व्हिडिओ. मले तो आवडत नव्हता. खरं सांगाचं तं त्याचं काही चुकत नव्हतं, अन् तेच मले आवडत नव्हतं. मी खेकसली का तो हासे अन् म्हणे, "मावशी, पाणी प्या पहिले." अस्सा राग येई.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी कोणी मोठा पाहुणा येणार होता, अन् काका सकाळपासून मागं लागले का झेंड्या मळल्या, झेंड्या मळल्या. धुळीनं मळणारच. मी म्हटलं धुते. पण एक काम असन तं ना. पितळ घासलं, झाडलं, पाण्याचे माठ भरले, कोणी मदतीले नाही. साडेतीन झाले. ऊन सेहेचाळीसवर. तेव्हा मी बादली घेतली अन् रांगेनं झेंड्या ओढत निघाली, तोंडानं एकेकाचा उद्धार करत. एक ओढली, बादलीत. दुसरी ओढली, बादलीत. चालणारी गाडी त्याच रांगेत उभी होती, दोन जुन्या इंजिनायच्या मधात. तिच्या कडीलेही झेंडी होती. ती बी ओढली. कोपरा पाहिला नाही. वाकून पाहिलं नाही. नियम लावणारी मी, अन् माहा हात नियमावरून असा गेला जसा दोरीवरचे कपडे काढाले जाते.

धम्मानंद त्या डब्याखाली होता. सव्वातीनले आला, पोतं टाकलं, ब्रेकचा ब्लॉक बदलाले खाली शिरला. डावा पाय पलीकडच्या रुळावरून बाहेर काढलेला. मले दिसला नाही.

हे सगळं मले आता माहीत आहे. तेव्हा काही माहीत नव्हतं. तेव्हा मी मागच्या नळावर बसून बादलीत साबण टाकून राहिली होती. विक्कीनं इंजिनची शिट्टी दोनदा वाजवली, नियमाप्रमाणे. मी ऐकली. धम्मानंदनंही ऐकली असन अन् म्हटलं असन, पोट्टे दोरी ओढून राहिले. मंग जो आवाज आला तो पहिले मले ब्रेकचा वाटला. तो माणसाचा होता.

मी धावली. डावा पाय गुडघ्याच्या खाली रुळावर राहिला होता अन् धम्मानंद रुळाच्या आत होता. दोघायच्या मधात चाक. गिट्टी एवढी तापलेली का रक्ताची कड तिथंच वाळून काळी होऊन राहिली. मी डोक्याचा दुपट्टा सोडून त्याच्या मांडीले आवळला, गिट्टीवर पडलेला पाना घालून पिळला. तो माह्याकडं पाहून म्हणे, "मावशी, झेंडी लावली होती मी." एवढंच म्हणे. तीन चार वेळा म्हणे. काकायनं येऊन दुपट्टा धरला अन् मी उठली, हातात पाना.

कडीकडं पाहिलं. झेंडी नव्हती.

माह्या डोळ्यापुढं छत्तीस वर्षांआधीची कडी आली. ती बी अशीच रिकामी. विक्की इंजिनवरून उतरून उभा होता, गॉगल हातात, तोंड पांढरं फटक. मी म्हटलं, "झेंडी कुठं आहे?" तो म्हणे, "मावशी, ते तं तुमी—"

तिथंच मारला पाना. हाड तुटल्याचा आवाज आला, वाळली काडी मोडल्यासारखा. तो गुडघ्यावर बसला, तोंडातून दात अन् रक्त पडून राहिलं, अन् हात वर करून मले काहीतरी दाखवत होता, शेडच्या मागच्या बाजूले, नळाकडं. मी तो हात बी फोडला. मंग ओरडली, "यानं झेंडी काढली. माणूस खाली होता अन् यानं झेंडी काढली."

पाहाले आलेले वीस पंचवीस लोक होते. लेकरायले बायकायच्या हाती देऊन बापे पुढं आले. एकानं पट्टा काढला. चहाच्या टपरीवरचे दोघं आले. चपलायनं, बुटायनं, हाती लागन त्यानं. एकानं केस धरून त्याचं डोकं रुळावर आपटलं. एक जण त्याच्या हातावर उभा राहिला अन् टाच फिरवली, सिगरेट विझवतात तशी. देवरावकाका धम्मानंदची मांडी धरून तिथूनच ओरडून राहिले होते, "सोडा गा त्याले, मरन तो." कोणी ऐकलं नाही. मले ऐकू आलं. मी एक शब्द बोलली असती तं लोक थांबले असते, कारण त्या घडीले तिथं माहंच राज्य होतं. मी बोलली नाही. मले बरं वाटून राहिलं होतं. छत्तीस वर्षांनी एक हात सापडला होता मले, अन् त्याचे बोटं लोक माह्यासमोर मोडून राहिले होते.

पोलीस आले म्हणून जीव वाचला त्याचा. जबडा दोन जागी मोडला, उजव्या हाताचे तीन बोटं गेले, एका डोळ्यानं दिसन का नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. दोघायले एकाच दवाखान्यात नेलं. विक्की खालच्या वॉर्डात, दारावर हवालदार. धम्मानंद दुसऱ्या मजल्यावर, पाय गुडघ्यापासून काढलेला. जबाब पहिला माहा झाला. मी सांगितलं, विक्कीनं झेंडी काढली, इंजिन चालवलं. सही केली. माह्यामागून साऱ्यायनं तेच सांगितलं, कोणी पाहिलं नसताना. हवालदार म्हणे, आठ दिवसांनी त्याचं तोंड उघडन, मंग त्याचा जबाब घेऊ, पण केस पक्की आहे, जेलात जाते पोट्टा. माह्यावरही मारहाणीचा कागद झाला, पण सारे म्हणत, मायचं काळीज आहे, कोण काय म्हणन.

अन् खरंच कोणी काही म्हटलं नाही. उलट कोणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. भाजीवाली मले सांबाराची हिरवी जुडी जास्तीची देऊन राहिली. प्रेमिला दवाखान्यात स्टीलचा डबा आणे अन् अर्धी भाकर माह्या हातावर ठेवे. म्हणे, "बाई, तुमी त्याचं थोबाड फोडलं म्हणून माह्या पोटातली आग थोडीशी विझली. नाही तं मी त्याले वॉर्डात जाऊन मारलं असतं." मी ती भाकर खाल्ली. तीन दिवस खाल्ली.

चौथ्या दिवशी पोलिसायनं शेड उघडून देल्ली. मी मागच्या नळावर गेली तं बादली तशीच होती. अर्धं पाणी उन्हानं पिऊन टाकलं होतं, उरलेल्याले वास सुटला होता. म्हटलं, धुऊन टाकू. एकेक झेंडी काढून पिळली अन् तारेवर टाकली. अकरा झाल्या. हात बादलीत घातला तं अजून एक होती.

पिवळा धागा. ध.

मी तिथंच फरशीवर बसली. मंग जे सुचलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मी ती झेंडी पदराखाली घातली, टपरीवर गेली अन् टपरीवाल्याची नजर चुकवून भट्टीत टाकली. कोणाले समजणार होतं? विक्कीचं तोंड बांधलेलं, अन् उघडलं तरी त्याचं कोण ऐकणार होतं. पण ती ओली होती. पेटली नाही. एक कोपरा काळा झाला, धूर निघाला, अन् टपरीवाला म्हणे, "मावशी, काय जाळून राहिल्या गा?" मी हातानंच ओढून काढली. बोटायले फोड आले. बरं झालं.

मंग विक्कीकडं गेली. दारात त्याची बहीण मिनल होती, तिनं मले पाहिलं अन् तिच्या हातातला पाण्याचा गिलास माह्या अंगावर फेकला. "अजून काय फोडाचं राहिलं, बाई? एक डोळा आहे, तो बी घेऊन जा." हवालदार उठला. पण आतून विक्कीनं डावा हात वर केला, येऊ द्या म्हणून. जबडा तारेनं बांधलेला, एक डोळा पट्टीखाली, दुसरा सुजून फटीएवढा. मी झेंडी त्याच्या पांघरुणावर ठेवली.

त्यानं ती पाहिली. नवल काही वाटलं नाही त्याले. मिनलनं त्याच सकाळी आणून देल्लेला मोबाईल उशीखालून काढला अन् डाव्या अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत बसला. मी उभी राहिली. त्यानं मोबाईल माह्याकडं केला.

"तुम्हाले काढताना पाहिलं होतं मी. दुसऱ्या कोणी काढली असती तं खाली वाकून पाहिलं असतं. तुम्ही काढली म्हणून इंजिन चालवलं."

मी ते दोनदा वाचलं. मंग त्यानं अजून एक ओळ लिहिली, "तेव्हा सांगूनच राहिलो होतो."

ज्या तोंडानं तो सांगून राहिला होता ते तोंड मी फोडलं होतं. तो हात नळाकडं दाखवून राहिला होता अन् मी तो हात बी फोडला. मी त्याच्या पाया पडली नाही, माफी मांगितली नाही. तेवढ्यानं काय होते. मी म्हटलं, "आज संध्याकाळपर्यंत थांब." झेंडी उचलली अन् जिना चढली.

हवालदाराले सांगणं सोपं होतं. पहिले तिथंच जावं असं मनात आलंही. पण माह्या नवऱ्याच्या वेळी ठाण्यात काय लिहिलं होतं याच्याशी मले काय करायचं होतं? मले कोणीतरी येऊन तोंडानं सांगाले पाहिजे होतं. कोणी आलं नाही.

प्रेमिला खाटेपाशी बसून डबा उघडून राहिली होती. धम्मानंद जागा होता, छताकडं पाहत. मले पाहून प्रेमिला म्हणे, "जय भीम, बाई. या, वरण गरम आहे." मी झेंडी खाटेवर ठेवली. धम्मानंदनं मान वळवली. आपली झेंडी ओळखली त्यानं.

"कुठं भेटली?" प्रेमिला म्हणे.

"माह्या बादलीत."

तिनं मले पाहिलं, झेंडीचा जळका कोपरा पाहिला. "त्या हरामखोरानं तुमच्या बादलीत टाकली?"

"नाही," मी म्हटलं. "विक्कीनं हात बी लावला नाही. मी धुवाले—"

डबा माह्या तोंडावर आला. भरलेला होता, गरम वरण डोळ्यात गेलं, कड ओठाले लागली अन् पुढचा दात हलला. मंग दुसऱ्यांदा आला. मी पडली. ती माह्या छातीवर बसली अन् डबा सोडून हातानं मारू लागली, दोन्ही हातानं, तोंडातून शब्द नाही, नुसता आवाज. बाजूच्या खाटेवरचे लोक धावले, नर्स ओरडली. तिचे हात धरले लोकायनं. मी खालून म्हटलं, "सोडा तिले." त्यायनं सोडलं नाही. धम्मानंद उशीवरून पाहत होता. मले वाटलं होतं तो काहीतरी बोलन.

दात जिभेवर आला. मी तो थुंकला, भिंतीले धरून उठली, अन् जे राहिलं होतं ते सांगितलं. "मी काढली. धुवाले नेली. खाली कोण आहे ते पाहिलं नाही. विक्कीनं सांगाचा प्रयत्न केला, मी त्याले बोलू नाही देल्लं. झेंडी मीच काढली, प्रेमिला. भागीरथानं काढली."

माहं नाव मी दोनदा घेतलं, म्हणजे ते तिच्या डोक्यात नीट बसन. ती लोकायच्या हातातून सुटली अन् अजून एक मारली. मी हात वर केला नाही.

मंग जिना उतरून खाली आली. विक्कीच्या दारावर हवालदार खुर्चीत बसला होता. मी म्हटलं, "साहेब, माहा पहिला जबाब फाडा अन् नवीन कागद घ्या."

तो माह्या तोंडाकडं पाहून म्हणे, "बाई, पहिले ते रक्त पुसा."

मी म्हटलं, "पहिले लिहा."